साबुदाणा भिजवला, शेंगदाणे भाजले

एकादशीच्या खिचडीत साबुदाणा असतो आणि शेंगदाणे असतात. दोन्ही दाणेच. हवे तर दोन्ही मोजता येतील, मोजत मात्र कुणी नाही. तरी आपण साबुदाणा 'भिजवला' म्हणतो आणि शेंगदाणे 'भाजले'. एक एकवचनी, दुसरं अनेकवचनी. 'मोजता येतं ते गणनीय, येत नाही ते अगणनीय' हा शाळेत पाठ केलेला नियम या कढईतच अडकतो.

दाण्याच्या आकारावर ठरतं म्हणावं, तर केसाइतकं बारीक काय असतं? पण केस 'विंचरले' जातात. भंडारा हा धानाचा जिल्हा, म्हणून तांदळाचंच बघा. सुपात घेतलेले तांदूळ 'निवडले' आणि तुमसरच्या बाजारात तोच तांदूळ 'महागला'. सुपात दाणे दिसतात, बाजारात माल. शिजल्यावर त्याचा भात होतो आणि तो 'झाला', 'करपला', 'उरला'. ताटात शितं वेगवेगळी दिसली तरी भात एकच. म्हणजे गणनीयता वस्तूत नसते. बोलणारा त्या वस्तूकडे कसं पाहतो आणि भाषेनं आधीच काय ठरवून ठेवलंय, यावर ती ठरते.

विकण्याच्या रीतीशीही तिचा संबंध नाही. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांत परात, घागर, गंज सगळे सुटे नग. तरी दुकानदार ती काट्यावर ठेवून किलोचा भाव लावतो. व्याकरणात भांडी अनेकवचनीच राहतात.

आता पाणी. ते तर नक्की अगणनीय? बावनथडी प्रकल्पाच्या कालव्याखालच्या शेतकऱ्याला विचारा. उन्हाळी धानाला 'शेवटचं एक पाणी' कमी पडलं की काय होतं, ते तो सांगेल. त्याचं एक पाणी म्हणजे ओलिताची एक पाळी. टपरीवरचे 'दोन चहा' त्याच जातीचे. हे मराठी अशुद्ध नाही. माप न बोलताच दोघांना कळलेलं असतं.

दुसरा समज असा की ही भानगड इंग्रजीची, मराठीत असा भेदच नाही. समज होण्याला कारण आहे. इंग्रजीच्या तासाला 'मच' आणि 'मेनी' घोकावे लागतात. मराठीत 'किती पाणी' आणि 'किती आंबे' एकाच 'किती'त भागतं. पण भेद पुढच्या शब्दांत उमटतो: थोडा साबुदाणा, थोडे शेंगदाणे. शिवाय मीठ मोजायचं तर चिमूट लागते, धान मोजायचं तर पायली किंवा कट्टा. 1999 पर्यंत भंडाऱ्यातच असलेल्या गोंदियाच्या पलीकडे छत्तीसगढी सुरू होते, तिथे सुट्या वस्तू मोजतानाही आकड्याला 'ठन' जोडतात. आपण तसं फार तर माणसांपुरतं करतो: चार जण, चार जणी.

मुलांबद्दलचा गैरसमज जास्त खोल आहे, आणि तो थोरामोठ्यांचाही होता. वस्तू आणि पदार्थ यांतला फरक मूल भाषेच्या व्याकरणातूनच शिकतं, असं तत्त्वज्ञ क्वाइन यांनी 1960 साली मांडलं होतं. 1991 मध्ये सोजा, केरी आणि स्पेल्की या संशोधकांनी दोन वर्षांच्या मुलांना एक अनोळखी घट्ट वस्तू दाखवून तिला नवंच नाव दिलं. तेच नाव आणखी कशाला, असं विचारल्यावर मुलं आकार बघत. ढिगासारख्या मऊ पदार्थाला नाव दिलं, तर आकार सोडून पदार्थ बघत. गणनीय-अगणनीयाचं व्याकरण त्यांना अजून आलेलंही नव्हतं. म्हणजे ही जाण मूल घेऊन येतं.

मग भाषा काहीच करत नाही? करते, पण सीमेवर. 1997 मध्ये इमाई आणि गेंटनर यांनी जपानी आणि अमेरिकी मुलांची तुलना केली. गुंतागुंतीच्या वस्तूंबाबत दोन्हीकडची मुलं सारखी वागली. अगदी साध्या आकाराच्या तुकड्याबाबत मात्र अमेरिकी मुलांचा कल आकाराकडे होता, जपानी मुलांचा तसा ठाम नव्हता. जपानीत नामाला सक्तीचं अनेकवचन नाही.

आणखी एक गंमत. काटे-चमचे मोजायला देताना त्यात एक काटा मोडून ठेवला, तर शाळेआधीच्या वयाची पुष्कळ मुलं त्याचे दोन्ही तुकडे वेगवेगळे मोजतात. शिपली आणि शेपर्सन यांनी 1990 मध्ये हे दाखवलं. 'मोजणं येतं' म्हणजे आकडे येतात एवढंच नाही. 'एक' कशाला म्हणायचं, हेही ठरवावं लागतं. पोळीचे चार तुकडे करून 'चार झाल्या' म्हणत मुलाला जेवू घालणाऱ्या आयांना हे कुणी शिकवावं लागलेलं नाही.

राहिला घरच्या बोलीचा प्रश्न. इथल्या झाडीबोलीत 'पानी' म्हणणारं मूल व्याकरणात मागे पडतं, ही भीती निराधार आहे. उच्चार वेगळा, पण एक-अनेकाची घडी त्याच्या बोलीतही पक्की असते. इंग्रजीच्या वहीत हेच मूल केसांना 'हेअर्स' लिहितं, ते घरी केस कायम अनेकवचनात ऐकल्यामुळे. तिथे लाल रेघ ओढण्याआधी बाईंनी फळ्यावर 'केस विंचरले' आणि एकवचनी 'हेअर'चं इंग्रजी वाक्य शेजारी शेजारी लिहिलं, तर फरक कुठे आहे ते मुलाला दोन मिनिटांत दिसतं.