अंग ठोकून घेण्याची विद्या

ओकिनावा बेटावरच्या जुन्या कराटे शाळांच्या अंगणात एक लाकडी फळी पुरलेली असे. वर निमुळती होत गेलेली, आणि छातीच्या उंचीला भाताच्या पेंढ्याची दोरी घट्ट गुंडाळलेली. हा माकीवारा. १९२२ साली टोकियोत प्रात्यक्षिक दाखवून कराटेला जपानच्या मुख्य भूमीवर नाव मिळवून देणारे गिचिन फुनाकोशी या फळीचे मोठे पुरस्कर्ते होते. पाहणाऱ्याला वाटतं, बोटांची पेरं दगडासारखी करायचं हे साधन. पण चांगली फळी ठोशासरशी मागे लवते आणि उलट ढकलते. कंबर, खांदा, मनगट एका रेषेत नसेल, तर मनगट तिथंच मुरगळतं. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळावरच बसवायचा. करंगळीमागचं हाड बारीक. मूठ वाकडी पडली की मोडतं तेच. पेरांवर घट्टे पडतात ते वेगळंच, आणि त्याचं कौतुक शिकाऊ मुलांनाच जास्त.

खऱ्या अर्थानं अंग ठोकून घेणं पाहायचं तर उएची-र्‍यू या ओकिनावातल्या कराटे परंपरेकडे जावं. तिचे मूळपुरुष कानबुन उएची १८९७ साली चीनमधल्या फुजौला गेले, १९१० मध्ये परतले, आणि तिथली विद्या सोबत घेऊन आले. त्यांच्या परंपरेत दोघं समोरासमोर उभे राहून मनगटापासून कोपरापर्यंतचे हात एकमेकांवर आपटतात. ‘सांचिन’ हा ठरावीक हालचालींचा सराव करताना शिष्य पाय रोवून, श्वास आवरून उभा असतो. गुरू त्याच्या खांद्यांवर, मांड्यांवर थापा मारून अंग कुठं सैल पडलंय ते जोखतो. आपल्या तालमीत शड्डू ठोकतात. त्यानं अंग गरम होतं आणि समोरच्याला आव्हान जातं. ओकिनावातली थाप मात्र परीक्षा घेते.

चीनमधली ‘लोखंडी तळव्या’ची साधना याहून संथ. कापडी पिशवीत आधी मूग भरायचे! त्यावर हात नुसता सैल सोडायचा, जोर लावायचा नाही. महिने गेले की खडी, मग लोखंडी छर्रे. आधी-नंतर औषधी मद्य चोळायचं, ‘दिए दा ज्यू’. ग्वांगदोंग प्रांतात नावाजलेले गू रूझांग यांचा विटांची चळत फोडतानाचा फोटो आजही फिरतो. त्यामागची सैल हात सोडण्याची कंटाळवाणी वर्षं कोणत्याच फोटोत येत नाहीत, म्हणून हौशी माणूस थेट विटेपाशी जातो.

हाड भाराप्रमाणे स्वतःला घडवतं, हा सिद्धांत जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ साली मांडला. टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळत्या हाताचं हाड दुसऱ्यापेक्षा जाड आढळतं, ते यामुळेच. मात्र हाडातल्या पेशी थोड्याच धक्क्यांनंतर सुस्तावतात आणि काही तासांच्या विश्रांतीनंतर पुन्हा जाग्या होतात. म्हणजे शंभर ठोशांचं काम पहिल्या थोड्यांतच होऊन जातं. उरलेले फक्त सांधे झिजवतात. जुन्या गुरूंना पेशी ठाऊक नव्हत्या, पण मुगापासून छर्ऱ्यांपर्यंतची त्यांची चढण याच हिशेबाची आहे.

खरी फसगत वेदनेची. रोज मार खाल्ला की मेंदूला तो सवयीचा होतो आणि दुखणं कमी वाटतं. शिकणाऱ्याला वाटतं हाड पक्कं झालं. प्रत्यक्षात हाड तेवढंच असतं, फक्त तक्रार थांबलेली असते. नडगीवर काचेची बाटली फिरवायची टूम यातलीच. मुए थाई लढणाऱ्यांच्या नडग्या घडतात त्या जड बॅगवर वर्षानुवर्षं मारलेल्या लाथांनी. बाटलीनं हाडावरचं आवरण दुखावतं, एवढंच.

माझं मत स्पष्ट आहे. प्रौढ माणसानं जाणत्याच्या नजरेखाली, आठवड्यातून दोन-तीन दिवस, लवणाऱ्या फळीवर मोजके ठोसे मारावेत. सूज किंवा मुंग्या आल्या की थांबावं. मुलांना मात्र यातलं काहीच नको. त्यांच्या हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चा असतात, त्या दुखावल्या तर हाड वाकडं किंवा आखूड वाढू शकतं. तुमच्या मुलाच्या क्लासमध्ये फरशीवर मुठी आपटून घेत असतील किंवा स्नेहसंमेलनासाठी कौलं फोडायला लावत असतील, तर शिक्षकांशी बोला. ऐकलं नाही तर क्लास बदला.