किण्वाला मिळणारे अन्न व त्याच्या तंतुकणिका

मुळशी तालुक्यातील उरवडे येथे प्राज मॅट्रिक्स हे संशोधन केंद्र आहे. मळी, धान्य व शेतातील काडीकचरा यांपासून इथेनॉल करण्याच्या पद्धतींवर तेथे काम चालते. हे काम प्रत्यक्षात करतो तो किण्व, म्हणजेच यीस्ट. पाव फुगविणारा तोच, आणि मळीतील साखरेचा मद्यार्क करणाराही तोच. तो साखरेचे काय करील, हे बव्हंशी त्याला मिळणाऱ्या अन्नावर अवलंबून असते.

किण्वपेशीत तंतुकणिका असतात. प्राणवायूच्या साहाय्याने अन्न पूर्णपणे जाळून शक्ती मिळविणे हे त्यांचे मुख्य काम होय. त्यांना पेशीची चूल म्हणावयास हरकत नाही. साखर मुबलक असली की पेशी ही चूल मंद ठेवते. तंतुकणिका थोड्या व अविकसित राहतात, आणि साखर अर्धवट वापरून मद्यार्क व कर्बवायू बाहेर टाकला जातो. हवा भरपूर दिली तरीही असेच घडते. सबब, केवळ हवा बंद केल्याने मद्यार्क बनतो, ही समजूत अपुरी आहे. साखर संपली व हवा मिळत राहिली, म्हणजे तंतुकणिका वाढतात आणि पूर्वी टाकलेला मद्यार्कच पेशी खाऊ लागते.

यात बराच पैसा गुंतलेला आहे. १०० ग्रॅम ग्लुकोजपासून हिशेबाने ५१ ग्रॅम मद्यार्क मिळावा. पेशींनी त्यातील साखर स्वतःच्या वाढीस वापरली, तर तेवढी घट येते. पावाचे यीस्ट करणाऱ्यास मात्र वाढच हवी असते. म्हणून तो मळी एकदम न ओतता थोडी थोडी सोडतो व जोराने हवा देतो.

मळीत साखर भरपूर, पण नत्र अपुरे. म्हणून भाताला घालतात तोच युरिया येथेही घालावा लागतो! नत्र तुटले की पेशी आपले जुने घटक, प्रसंगी तंतुकणिकाही, पचवून त्यावर गुजराण करते. या पचनक्रियेचा किण्वावर शोध घेणारे जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

गावात दाखविण्यासाठी एक लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम गूळ व चमचाभर यीस्ट घालून रुंद भांडे उघडे ठेवावे व अधूनमधून ढवळावे. दुसऱ्या दिवशी, हवा मिळूनही, मद्यार्काचा वास येईल. हे पाणी कोणी पिऊ नये. ते लगेच ओतून द्यावे.