कलम १७ आणि वकिलांचा मेळा

नियमांचं मैदान : लेखांक नववा

फक्त फुटबॉलचेच दावे चालवून पोट भरणारे वकील जगात आहेत, हे सांगितलं की ऐकणाऱ्याचा पटकन विश्वास बसत नाही. क्रिकेट मंडळाच्या वर्षानुवर्षं चाललेल्या कोर्टबाजीची आपल्याला सवय आहे, पण ती चालवतात आपल्या नेहमीच्याच कोर्टातले नेहमीचेच वकील. फुटबॉलचं तसं नाही. या वकिलांची स्वतःची आंतरराष्ट्रीय संघटना आहे आणि तिची अधिवेशनं भरतात. शिवाय फिफासुद्धा दरवर्षी फुटबॉल कायद्याचा आढावा घेणारी परिषद स्वतःहून भरवते. तिथे वर्षभरातले निकाल चिरफाड करून मांडले जातात, बदललेल्या कलमांचा अर्थ लावला जातो आणि चहाच्या टेबलावर पुढच्या दाव्यांची बीजं पडतात.

गेल्या आठ लेखांकांत आपण नियम पाहिले. आज ते नियम ज्यांच्या हातून घडतात आणि मोडतात, त्या मंडळींकडे वळू.

या मेळाव्यांची एक गंमत आहे. नियम लिहिणारे फिफाचे कायदा अधिकारी, नियमाला आव्हान देणारे खेळाडूंचे वकील, क्लबांची बाजू मांडणारे वकील आणि शेवटी निकाल देणारे लवाद असे सगळे एकाच सभागृहात असतात. एकमेकांना नावानं हाक मारतात. जग मोठं असलं तरी या कायद्यात मुरलेली माणसं मोजकी, त्यामुळे हे होणारच. पण त्यात धोका आहे. कालपर्यंत एका क्लबाचा वकील असलेला माणूस आज त्याच न्यायासनावर बसला, तर समोरच्या पक्षकाराला काय वाटेल? लोझान इथलं क्रीडा लवाद न्यायालय, ज्याला सगळे 'कॅस' म्हणतात, तिथे हा प्रकार बराच काळ चालू होता. २०१०पासून कॅसच्या लवादांना कॅसपुढे वकील म्हणून उभं राहायला बंदी झाली. माझ्या मते ही सुधारणा फार उशिरा आली.

हे वकील इतके स्विस का वाटतात, तेही समजून घेतलं पाहिजे. फिफा झुरिचला. तिचं न्यायपीठ, म्हणजे २०२१ साली सुरू झालेलं फुटबॉल ट्रिब्युनल, तिचंच. त्याच्या निकालावर अपील करायचं तर २१ दिवसांत लोझानला कॅसकडे. कॅसचा निकाल मान्य नसेल तर पुढची पायरी स्वित्झर्लंडचं संघीय न्यायालय, तेही लोझानलाच. तिथे तथ्यांची फेरतपासणी होत नाही. निकाल सार्वजनिक धोरणाच्या मुळावर येतो का, अशा मोजक्याच मुद्द्यांपुरतं पाहिलं जातं. ब्राझीलचा खेळाडू, तुर्कस्तानचा क्लब आणि नायजेरियातला एजंट यांचं भांडण असलं तरी वाट हीच. आणि स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही. ही एक भौगोलिक गोष्ट तीस वर्षांच्या फुटबॉल कायद्याच्या मुळाशी आहे, कारण या बंदिस्त वाटेला ज्यांनी खिंडार पाडलं ते स्विस नव्हते. ते शेजारच्या बेल्जियममधले होते.

ज्यां-मार्क बोस्मान हा लिएज क्लबचा खेळाडू. १९९० साली त्याचा करार संपला. क्लबनं नव्या करारात महिन्याला ३० हजार बेल्जियन फ्रँक देऊ केले, आधीच्या पगाराच्या एक चतुर्थांश. त्यानं नकार दिला आणि फ्रान्समधल्या डंकर्क क्लबशी बोलणी केली. पण तेव्हाचा नियम असा, की करार संपला तरी जुन्या क्लबला बदलीची रक्कम मिळाल्याशिवाय खेळाडू सुटत नाही. लिएजला डंकर्कच्या ऐपतीची शंका आली, सोडपत्र निघालं नाही, आणि बोस्मान लटकला. त्यानं तरुण वकील ज्यां-लुई द्युपाँ आणि त्याचे ज्येष्ठ सहकारी ल्यूक मिसाँ यांच्यामार्फत लिएजच्या स्थानिक कोर्टात दावा लावला. पुढे तिथल्या अपील न्यायालयानं प्रश्न लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाकडे पाठवला. १५ डिसेंबर १९९५ रोजी निकाल आला : करार संपलेला खेळाडू मोकळा, आणि युरोपीय संघाच्या नागरिकांना परदेशी म्हणून संघात मोजायचं नाही. इंग्लंड-स्पेनच्या संघांत आज जी आंतरराष्ट्रीय गर्दी दिसते, तिचं मोठं कारण हा निकाल. बोस्मानच्या वाट्याला मात्र त्यातलं फारसं काही आलं नाही. तोवर त्याची उमेदीची वर्षं कोर्टात गेली होती.

इथे फिफाला कळलं, की युरोपीय आयोगाशी जमवून घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. २००१ साली तडजोड झाली आणि त्यातून खेळाडूंचा दर्जा व बदली यांविषयीची आजची नियमावली उभी राहिली. करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा. अठराखालच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय बदलीला ठरावीक अपवाद सोडून मनाई. मुलाला घडवणाऱ्या क्लबांना वाटा. याच नियमावलीत ते कलम १७ आलं, ज्याच्यावर कोणत्याही अधिवेशनात एक अख्खं सत्र खर्ची पडतं.

कलमाचं म्हणणं साधं आहे : योग्य कारणाशिवाय करार मोडलात तर भरपाई द्या. किती, ते मात्र मोघम ठेवलंय. उरलेला पगार, क्लबनं खेळाडूवर केलेला खर्च, त्या देशाचा कायदा, 'खेळाचं वैशिष्ट्य' असे बरेच निकष एकत्र टाकले आहेत. वकिलांना याहून चांगली मेजवानी कुठली?

पहिला मोठा दावा अँडी वेबस्टरचा. स्कॉटलंडच्या हार्ट्स क्लबाशी त्याचा चार वर्षांचा करार. तीन वर्षांनंतर, २००६ साली, तो एकतर्फी सोडून इंग्लंडच्या विगनला गेला. फिफानं भरपाई ठरवली ६,२५,००० पौंड. कॅसनं जानेवारी २००८मध्ये ती उतरवून दीड लाख पौंडांवर आणली, म्हणजे उरलेल्या वर्षाचा पगार, बस. खेळाडूंच्या संघटनांनी टाळ्या वाजवल्या. पण दीड वर्षाच्या आतच टाळ्या थांबल्या. ब्राझीलचा मातुझालेम युक्रेनच्या शाख्तार दोनेत्स्कबरोबरचा पाच वर्षांचा करार तीन वर्षांनंतर सोडून स्पेनच्या सारागोसाला गेला होता. तिथे कॅसनं २००९च्या मे महिन्यात दुसराच हिशोब मांडला : त्याच्या जागी तसाच खेळाडू आणायला क्लबला किती पडेल? उत्तर निघालं १ कोटी १८ लाख युरोंहून जास्त. कलम तेच आणि न्यायालयही तेच, पण आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक. मातुझालेमनं पैसे भरले नाहीत, तेव्हा फिफानं भरेपर्यंत खेळबंदी घालण्याचं ठरवलं आणि कॅसनं ते मान्य केलं. २०१२ साली स्विस संघीय न्यायालयानं हे रोखलं : न फिटणाऱ्या कर्जापायी माणसाचा पेशाच काढून घेणं म्हणजे त्याला सावकाराच्या दावणीला बांधणं, असा त्या निकालाचा रोख होता. कॅसच्या निकालाचा आशयच मूलभूत न्यायतत्त्वांशी विसंगत म्हणून तो रद्द होण्याची ती पहिलीच वेळ.

मग पुन्हा बेल्जियम. लासाना दियारा, फ्रान्सचा मध्यरक्षक, २०१३ साली चार वर्षांच्या करारावर लोकोमोटिव्ह मॉस्कोत गेला. वर्षभरात पगारकपातीवरून वाद झाला, क्लबनं करार तोडला आणि त्याच्याकडेच २ कोटी युरो मागितले. फिफानं १ कोटी ५ लाखांची भरपाई लावली, कॅसनं ती कायम केली. २०१५च्या सुरुवातीला बेल्जियमचा शार्लरुआ क्लब त्याला घ्यायला तयार होता, पण दोन अटींवर : त्याचं बदली प्रमाणपत्र मिळावं आणि त्या भरपाईचा भार क्लबवर पडू नये. फिफाच्या नियमांनुसार दोन्ही अटींची हमी कुणीच देऊ शकत नव्हतं. बदली अडली. दियारानं बेल्जियमच्या कोर्टात फिफाला आणि बेल्जियन संघटनेला ओढलं. वकिलांत पुन्हा द्युपाँ. मॉन्सच्या अपील न्यायालयानं प्रश्न लक्झेंबर्गला धाडला आणि ४ ऑक्टोबर २०२४ रोजी उत्तर आलं : नव्या क्लबला आपोआप भागीदार धरणं, त्यानं खेळाडूला फूस लावली असं गृहीत धरणं आणि वाद चालू आहे म्हणून प्रमाणपत्र अडवणं, हे युरोपीय संघाच्या मुक्त संचाराच्या आणि स्पर्धेच्या कायद्यात बसत नाही. त्याच डिसेंबरमध्ये फिफानं नियमावलीत तात्पुरते बदल केले. आता फूस लावल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रार करणाऱ्यावर आली.

हा शार्लरुआ क्लब आधीही इतिहासात येऊन गेला होता. २००४मध्ये त्याचा अब्देलमजीद उल्मेर मोरोक्कोसाठी खेळताना जायबंदी झाला आणि कित्येक महिने बाहेर बसला. पगार क्लबनं द्यायचा, खेळाडू देशानं मोडायचा, मग भरपाई कोण देणार, असा सवाल करून क्लबनं फिफावर दावा लावला. मोठ्या युरोपीय क्लबांचा गट त्याच्या पाठीशी उभा राहिला. २००८ साली तडजोड झाली, दावा मागे घेतला गेला, आणि विश्वचषकाला खेळाडू पाठवणाऱ्या क्लबांना फिफा पैसे देऊ लागली. २०२२च्या कतार विश्वचषकासाठी ही रक्कम २० कोटी ९० लाख डॉलर होती. आता त्यातला मोठा वाटा धनाढ्य क्लबांनाच जातो, हे वेगळं.

शेवटचं खिंडार सगळ्यात खोल. लिएजजवळच्या सेराँ क्लबनं खेळाडूच्या भावी बदलीतला हिस्सा एका गुंतवणूक कंपनीला विकला. फिफानं अशा बाहेरच्या मालकीवर मे २०१५पासून बंदी घातली होती. क्लबला दंड आणि खेळाडू नोंदणीची बंदी झाली. कॅसनं ती जवळपास तशीच कायम केली, स्विस न्यायालयानंही. आपल्याकडे म्हणतात तसं, विषय संपला. पण सेराँ थांबला नाही. १ ऑगस्ट २०२५ रोजी लक्झेंबर्गनं सांगितलं, की युरोपीय संघातल्या न्यायालयांना कॅसचा निकाल संघाच्या सार्वजनिक धोरणाशी ताडून पाहता आला पाहिजे. म्हणजे लोझान हे आता युरोपात शेवटचं स्टेशन राहिलेलं नाही. मूळ बंदी योग्य होती असं मला वाटतं. खेळाडूचे शेअर विकायला तो काही कारखाना नव्हे. पण चुकीच्या बाजूच्या पक्षकारानंही कधी कधी योग्य दार उघडून दिलेलं असतं.

या यादीत माद्रिद नाही, मँचेस्टर नाही. पगारावरून बिनसलेले खेळाडू, मधल्या फळीतले क्लब आणि छोट्या शहरांतली कोर्टं. मोठे क्लब वाद सहसा टेबलावर मिटवतात. ज्यांना ते परवडत नाही, त्यांच्या दाव्यांवर पुढे जगभरच्या वकिलांची अधिवेशनं चालतात.

आपल्याकडेही हे वारं पोचलंय. २०२४-२५ची आय-लीग संपली तेव्हा गोव्याचा चर्चिल ब्रदर्स ४० गुणांवर होता आणि इंटर काशी ३९वर. पण नामधारी क्लबनं इंटर काशीविरुद्ध अपात्र खेळाडू उतरवल्याचा वाद बाकी होता. भारतीय फुटबॉल महासंघाच्या अपील समितीनं इंटर काशीविरुद्ध कौल दिला, चर्चिल विजेते ठरले. इंटर काशी लोझानला गेला, आणि जुलै २०२५मध्ये कॅसनं विजेतेपद त्यांना दिलं. मडगावात चर्चिलच्या चाहत्यांना हे कडू लागलं असेल. तरी एक धडा यातून घ्यावाच लागतो : सामन्याच्या यादीत कोणाचं नाव लिहितो, हे पाहणारा कारकून प्रशिक्षकाइतकाच महत्त्वाचा झालाय.

आणि म्हणून आजचा शेवटचा मुद्दा कोट्यवधींचा नाही, पाव टक्क्याचा आहे. फिफाच्या नियमांत, करार चालू असताना पैसे घेऊन खेळाडू एका देशाच्या क्लबातून दुसऱ्या देशात गेला, तर त्या रकमेतले पाच टक्के त्याला १२ ते २३ वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. १२ ते १५ या वयातल्या दर मोसमाला मूळ रकमेच्या पाव टक्का, त्यानंतर दर मोसमाला अर्धा टक्का. दहा कोटींची बदली झाली आणि मुलगा १२ ते १५ या चारही मोसमांत तुमच्याकडे होता, तर तुमचे दहा लाख. हे वाटप आता पॅरिसमधल्या फिफाच्या क्लिअरिंग हाऊसमधून, खेळाडूच्या इलेक्ट्रॉनिक पासपोर्टवरून होतं. पासपोर्टात नाव दिसलं नाही, तर हक्क सांगत बसण्याची वेळ येते.

२०१७चा सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. तिथल्या तालमींत अशी मुलं आजही घडतात. म्हणून पाटाकडील, दिलबहार, शिवाजी मंडळ, इतर सगळ्या तालमी आणि गोव्यातल्या गावागावांतले क्लब यांच्या कार्यकर्त्यांना विनंती : बारा वर्षांच्या पोराची नोंदणी 'मोठा झाला की बघू' म्हणून टाळू नका. जन्मतारखेसह, संलग्न क्लबाच्या नावानं, दर मोसमाला ती महासंघाच्या प्रणालीत करून घ्या आणि पावती जपून ठेवा. ती नोंद कशी करायची, कोणते कागद लागतात आणि नेमकं कुठे अडतं, ते पुढच्या लेखांकात पाहू. आपल्या क्लबाला काही अडचण आली असेल तर जरूर कळवा.