घराची किंमत ठरवणाऱ्यांना शिकवतं कोण? अमेरिकेत या मास्तरांनाही परीक्षा द्यावी लागते

अमेरिकेत समजा एका घराचा सौदा ५ लाख डॉलरला ठरला. घेणारा खूश, विकणारा खूश. बँक ८० टक्के, म्हणजे ४ लाख कर्ज द्यायला तयार. मग बँकेच्या वतीने एक अप्रेझर येतो, घर बघतो, आसपासच्या विक्रीचे आकडे तपासतो आणि अहवालात किंमत लिहितो ४ लाख ७० हजार. आता बँक ८० टक्के मोजणार ते या आकड्यावर. कर्ज येतं ३ लाख ७६ हजारांवर. म्हणजे विकणारा भाव कमी करायला तयार नसेल, तर घेणाऱ्याला २४ हजार डॉलर खिशातून जास्तीचे घालावे लागतात. न्यू जर्सीत घर घेतलेल्या एखाद्या मराठी नातेवाइकाला विचारा, हा अप्रेझर काय चीज असते ते तो सांगेल.

एका माणसाच्या मतावर इतकं अवलंबून असेल, तर त्याला नियम शिकवणारा कोण, हा प्रश्न येतोच.

१९८० च्या दशकात हे सगळं बरंच ढिलं होतं. तिथल्या सेव्हिंग्ज अँड लोन म्हणजे बचत आणि गृहकर्ज देणाऱ्या हजाराहून अधिक संस्था पुढच्या काही वर्षांत बुडाल्या. फुगवलेली मूल्यांकनं हे त्यामागचं एक कारण होतं. १९८९ मध्ये अमेरिकी संसदेने फिरिया नावाचा कायदा केला आणि अप्रेझरना राज्य सरकारचा परवाना आला. मूल्यांकनाचे नियम आणि अप्रेझरची पात्रता ठरवायचं काम १९८७ मध्ये स्थापन झालेल्या अप्रेझल फाउंडेशनच्या मंडळांकडे गेलं. या नियमांच्या पुस्तकाला म्हणतात यूस्पॅप. 'आधीच ठरलेला आकडा लिहून द्या' अशा अटीवर काम घ्यायचं नाही, कामाची कागदपत्रं किमान ५ वर्षं जपायची, असं सगळं त्यात आहे.

परवाना मिळाला म्हणून शिक्षण संपत नाही. वर्षाला १४ तास या हिशोबाने दोन वर्षांत २८ तास वर्ग करावे लागतात. हा 'तास' ५० मिनिटांचा, शाळेतल्या तासासारखाच. त्यातला ७ तासांचा यूस्पॅपचा कोर्स दर दोन वर्षांनी सक्तीचा.

आणि हा कोर्स कोणीही शिकवू शकत नाही. त्यासाठी एक्यूबी, म्हणजे पात्रता ठरवणाऱ्या मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. आधी अर्ज, मग शिक्षकांसाठीचा वेगळा कोर्स, मग परीक्षा. गंमत अशी, की समोर बसलेल्या अप्रेझरना या ७ तासांच्या वर्गानंतर पेपर सोडवायची सक्ती नाही. मास्तरांनी मात्र तो आधीच सोडवलेला असतो. प्रमाणपत्र कायमचंही नसतं, ठरावीक काळाने नूतनीकरणाचा कोर्स करावाच लागतो.

शिवाय शिकवणाऱ्यांपैकी निदान एक जण स्वतः राज्याचा 'सर्टिफाइड' अप्रेझर हवा. म्हणजे एखाद्या वकिलाला नियम तोंडपाठ असले, त्याने मंडळाची परीक्षाही दिली, तरी त्याला एकट्याने हा वर्ग चालवता येत नाही. ही अट योग्यच म्हणायला हवी. पुस्तकातला नियम आणि बँकेचा माणूस 'आकडा थोडा वर नाही का जाणार?' असं विचारतो तो क्षण, यातलं अंतर प्रत्यक्ष काम केलेल्यालाच कळतं.

इतका काटेकोरपणा का? तर एका राज्यातल्या शिक्षकाने नियमाचा एक अर्थ सांगितला आणि दुसऱ्याने दुसरा, तर देशभराचा एकच नियम ठेवून उपयोग काय? म्हणून अभ्यासक्रमही फाउंडेशनचाच किंवा मंडळाने मान्य केलेला लागतो. शिक्षक प्रमाणित नसेल तर ते ७ तास धरले जात नाहीत आणि अप्रेझरचं परवाना नूतनीकरण अडकतं.

बाकीच्या विषयांना एवढं सोवळं नाही. तिथे कोणी शिकवायचं हे राज्यं आपापल्या नियमांनी ठरवतात, त्यामुळे दर्जाही कमीजास्त होतो. शिकवणाऱ्या अप्रेझरला एक सवलतही आहे: शिकवल्याचे तास त्याच्या स्वतःच्या कोट्यात धरता येतात, पण जास्तीत जास्त निम्मे. बाकीच्या तासांसाठी त्यालाही दुसऱ्याच्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसावं लागतं.