धावण्याआधी कागद तपासा!

जळगाव जामोद : पहाटे पाचला नांदुरा रस्त्यावर चक्कर मारा, अंधारात धावणारी पोरं दिसतील. कोणी खारपाणपट्ट्यातला, कोणी सातपुड्याच्या पायथ्याचा. घरी दोन-चार एकर कोरडवाहू, कपाशीचा भरवसा नाही. "मिलिटरीत लागलो की घरचं भागते," हे त्यांचे म्हणणे खोटे नाही.

पण तरुण मित्रांनो, नुसते धावून भागत नाही. २०२३ पासून आधी ऑनलाइन लेखी परीक्षा आणि मग मैदान, असा क्रम झाला आहे. जनरल ड्युटीसाठी दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ हवेत. गणितात ३० पडले, तर पाय कितीही पळोत, अर्ज तिथेच अडतो. आपल्याकडे उंची १६८ सेंटिमीटर लागते. मान्यताप्राप्त आदिवासी भागातील मुलांना सवलत आहे. छाती ७७ आणि फुगवून ५ सेंटिमीटर जास्त. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत मारले तर ६० गुण, दहा पुलअप्सचे ४०. एनसीसीचे प्रमाणपत्र असेल तर जादा गुण मिळतात.

हौसेने दंडावर नाव गोंदवू नका; गोंदण हाताच्या कोपराखाली आतल्या बाजूस किंवा तळहाताच्या मागेच चालते. उमेदवार अविवाहित पाहिजे. वयाची अट त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाचा, ऐकीव गोष्टीवर जाऊ नका.

आता मुख्य गोष्ट. गुणपत्रिकेवर 'गजानन' आणि आधारवर 'गजाननराव' असेल तर आजच दुरुस्ती करा. रहिवासी व जातीचा दाखला तहसीलमधून वेळेत काढा. आपला तालुका विदर्भात असला, तरी बुलढाणा जिल्ह्याची भरती छत्रपती संभाजीनगरच्या कार्यालयाकडे असते, हेही ध्यानात ठेवा.

आणि मायबापहो, तुम्हीही समजून घ्या. २०२२ पासूनची अग्निवीर भरती चार वर्षांची आहे. त्यातले २५ टक्केपर्यंतच पुढे कायम होतात. बाकीच्यांना सेवानिधीचे सुमारे पावणेबारा लाख मिळतात, पेन्शन नाही. म्हणून पोराचे पुढचे शिक्षण सोडू देऊ नका. "लावून देतो" म्हणणाऱ्या दलालाला एक रुपया देऊ नका, त्यासाठी वावर तर मुळीच विकू नका. भरतीत वशिला चालत नाही. चालतात ते मार्क, दम आणि बिनचूक कागद.