विश्लेषण : मुंबई पाण्यात असताना ‘१९१६’च्या मागे काय चालते?

१९ ऑगस्ट २०२५ची संध्याकाळ. मुसळधार पावसामुळे हार्बर मार्गावरील लोकल बंद होती आणि गर्दी मोनोरेलकडे वळली. क्षमतेपेक्षा जास्त भार झालेली एक गाडी म्हैसूर कॉलनी ते भक्ती पार्क स्थानकांदरम्यान उंचावरच थांबली. वीज गेली, वातानुकूलन बंद पडले. आत अडकलेल्या प्रवाशांनी १९१६ हा क्रमांक फिरवला. अग्निशमन दलाची स्नॉर्केल वाहने पोहोचली आणि ५८२ प्रवाशांना सुखरूप खाली उतरवण्यात आले. तो फोन जिथे वाजला, तो महापालिकेचा आपत्कालीन नियंत्रण कक्ष नेमका कसा चालतो?

कक्ष कुठे आहे, तिथे काय असते?

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरच्या महापालिका मुख्यालयात हा कक्ष २४ तास सुरू असतो. समोर मोठी व्हिडीओ भिंत, त्यावर शहरातील सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची दृश्ये. पोलीस, अग्निशमन दल, रेल्वे, बेस्ट, हवामान विभाग अशा यंत्रणांशी जोडणाऱ्या हॉटलाइन. मोबाइलचे जाळे कोलमडलेच तर हॅम रेडिओ. प्रत्येक विभाग कार्यालयाचा स्वतंत्र नियंत्रण कक्ष असतो आणि प्रत्यक्ष माणसे व पंप तिथूनच हलतात. पावसाळ्यात मंत्र्यांच्या भेटीची छायाचित्रे येतात ती या भिंतीसमोरची. पण कक्षाचा खरा कणा त्या छायाचित्रांत दिसत नाही. तो शहरभर गच्च्यांवर बसवलेला आहे.

गच्चीवर काय आहे?

स्वयंचलित पर्जन्यमापक. त्यांचे महत्त्व समजण्यासाठी २६ जुलै २००५ कडे जावे लागते. त्या दिवशीच्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. कुलाब्यात मात्र अवघा ७३ मिलिमीटर. एकाच शहरात तेरापट फरक! हवामान विभागाच्या मुंबईतील मुख्य वेधशाळा या दोनच. पालिका मुख्यालय दक्षिण मुंबईत, म्हणजे कुलाब्याच्या बाजूला. खिडकीबाहेर नेहमीचा पाऊस असताना कुर्ला, कलिना आणि मिठीकाठच्या वस्त्या बुडत होत्या. दूरध्वनी कोलमडल्याने तिथली बातमीही वेळेवर मिळत नव्हती.

त्यानंतर अग्निशमन केंद्रे आणि पालिकेच्या इमारतींवर पर्जन्यमापकांचे जाळे उभारले गेले. ते दर १५ मिनिटांनी नोंद पाठवतात. १५ मिनिटेच का? कारण मुंबईची जुनी पर्जन्यवाहिनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेली होती, तीही ओहोटी असताना. पुढे ही क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याचे काम हाती घेण्यात आले. पण अर्ध्या तासात ४० मिलिमीटर कोसळला तर दिवसाची सरासरी पाहून काहीच कळत नाही. नाला भरतो तो पावसाच्या वेगाने, दिवसाच्या बेरजेने नव्हे.

भरतीचा संबंध काय?

पर्जन्यवाहिन्यांची बरीचशी तोंडे भरतीच्या पातळीखाली आहेत. भरती आली की समुद्राचे पाणी आत येऊ नये म्हणून दारे बंद करावी लागतात आणि शहरातील पाणी आतच अडते. २६ जुलैला दुपारी ४.४८ मीटरची भरती होती, हे विसरून चालणार नाही. त्यामुळे कक्षात पावसाच्या आकड्याशेजारी भरतीचे वेळापत्रकही असते. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंद येथील उदंचन केंद्रे याच वेळेत पाणी उपसून समुद्रात टाकतात. तिसरा आकडा मिठी नदीच्या पातळीचा. १९ ऑगस्टला ही पातळी ३.९ मीटरवर गेली आणि कुर्ल्याच्या क्रांतीनगरमधील रहिवाशांना हलवावे लागले. २०२० पासून ‘आयफ्लोज-मुंबई’ ही पूर इशारा प्रणालीही मदतीला आहे. पाऊस, भरती आणि जमिनीचा उतार यांचे गणित मांडून कोणत्या भागात किती पाणी साचेल, याचा ती अंदाज देते.

मुख्यालयच अडचणीत आले तर?

ही कल्पना नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला भीषण आग लागली होती. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गोळीबार झाला तो टर्मिनसवर, पालिका मुख्यालयासमोर. अशा वेळी कारभार हाती घेण्यासाठी परळ येथे पर्यायी नियंत्रण कक्ष आहे. अभियांत्रिकीच्या भाषेत हा ‘बॅकअप’. मात्र त्याच शहरातला, हीही मर्यादा लक्षात घ्यायला हवी.

साखळी कुठे अडते?

बहुतेकदा पत्त्यावर. कॅमेरा सगळीकडे पोहोचत नाही, गल्लीतील पर्जन्यमापक उघडे झाकण दाखवत नाही. ती माहिती फोन करणाऱ्याकडूनच मिळते आणि घाबरलेला माणूस ‘स्टेशनजवळ या’ एवढेच सांगतो. कोणते स्टेशन, पूर्व की पश्चिम, हे विचारण्यातच मिनिटे जातात. एरवी याच क्रमांकावर नागरी तक्रारीही येतात, त्यामुळे मुसळधार पावसात ताण वाढतो. १९१६ वर बोलताना आधी ठिकाण, जवळची ठळक खूण, मग अडकलेल्यांची संख्या सांगावी. वृद्ध, लहान मुले किंवा आजारी व्यक्ती असल्यास तेही. पाणी साचले असेल तर ते घोट्यापर्यंत आहे की कमरेपर्यंत, एवढे सांगितले तरी पंप पाठवायचा की बोट, हे ठरवता येते.