पंचनामा न होणाऱ्या माश्या

२००२ साली रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात बियाण्यावरून मोठं वादळ उठलं. भातसंशोधक डॉ. आर. एच. रिछारिया यांनी सत्तरच्या दशकात जमवलेले भाताचे १९ हजारांहून अधिक नमुने विद्यापीठाकडे होते, आणि या ठेव्याबाबत सिंजेंटा या परदेशी कंपनीशी करार होऊ घातला होता. बातमी फुटली, शेतकरी संघटना आणि कार्यकर्ते रस्त्यावर आले, आणि वर्ष सरता सरता कंपनीने काढता पाय घेतला. छत्तीसगड राज्य तेव्हा जेमतेम दोन वर्षांचं होतं. बी कोणाच्या मालकीचं, हे या शहराने ठणकावून विचारलं.

बियाण्यावर काय चोळलेलं असतं, हे मात्र त्या गदारोळात कुणाच्या तोंडी आलं नाही. सिंजेंटाच्याच थायमिथोक्झाम या बीजप्रक्रियेच्या औषधाचा जगभर खप वाढत होता. त्याच वर्षी मार्चमध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि शेजारच्या विदर्भात इमिडाक्लोप्रिड चोळलेल्या रंगीत सरकीची पाकिटं आली. रोप कोवळं असताना मावा, तुडतुडे दूर राहतात, पहिल्या एकदोन फवारण्या वाचतात, म्हणून शेतकरी खूश होता. त्यात त्याचं काही चुकलं नाही. बहुतेक बीटी संकरित वाण रसशोषक किडींना नाजूक होते, तेव्हा लेपाशिवाय त्यांचा निभाव लागणं कठीणच होतं. पुढे तुडतुड्यांनाच इमिडाक्लोप्रिड पचू लागलं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे तेव्हाचे संचालक डॉ. केशव क्रांती यांनी हे वारंवार लिहिलं. तरी लेप तसाच राहिला. पाकीट विकत घेतलं की औषध सोबत आलंच, नको म्हणायची सोय नाही.

हे औषध रोपाच्या अंगात भिनतं. पानात जातं तसंच, अगदी कमी प्रमाणात का होईना, परागात आणि मधुरसातही उतरतं. लेपातला थोडाच भाग रोप घेतं, साधारण शेकडा २ ते २०. बाकीचा मातीत आणि पाण्यात. मधमाशीला मारायला इमिडाक्लोप्रिडचे चारेक नॅनोग्रॅम पुरतात. त्याहून कमी पोटात गेलं तर माशी मरत नाही, पण वास ओळखणं आणि घरची वाट शोधणं तिला जड जातं. मेलेल्या माश्यांचा खच दिसतो, वाट चुकलेली माशी कुणाच्याच नजरेस पडत नाही.

फ्रान्समध्ये ती नजरेस पडली, कारण तिथे माश्यांना मालक होता. १९९४ च्या सुमारास सूर्यफुलाच्या पट्ट्यातले मधपाळ तक्रार करू लागले की माश्या फुलोऱ्यावर जातात आणि परत येत नाहीत. औषध बनवणाऱ्या कंपनीने हात झटकले, शास्त्रज्ञांत दुफळी पडली, आणि जानेवारी १९९९ मध्ये सरकारने सूर्यफुलाच्या बियाण्यावरचं 'गाऊचो', म्हणजे इमिडाक्लोप्रिडच, थांबवलं. २००८ च्या वसंतात जर्मनीत ऱ्हाईनच्या खोऱ्यात मक्याचं बी पेरताना क्लोथियानिडिनचा लेप नीट चिकटला नव्हता. हवेच्या दाबावर चालणाऱ्या पेरणीयंत्रांतून त्याची धूळ शेजारच्या फुललेल्या शेतांवर उडाली आणि ११ हजारांहून अधिक वसाहतींना फटका बसला. २०१३ मध्ये युरोपीय संघाने इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायमिथोक्झाम या तीन औषधांवर निर्बंध घातले, २०१८ मध्ये उघड्या शेतातला वापर बंद केला, आणि 'आणीबाणी' म्हणून दिली जाणारी सवलत बंदी घातलेल्या औषधांनी माखलेल्या बियाण्याला देता येणार नाही, असं तिथल्या न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये बजावलं. सगळे पुरावे एका बाजूला झुकले होते, असं मात्र नाही. २०१७ च्या एका मोठ्या प्रयोगात हंगेरी आणि ब्रिटनमधल्या माश्यांचं नुकसान दिसलं, जर्मनीत दिसलं नाही.

आपल्याकडे लेप लावलेलं बी दोन कायद्यांच्या मधल्या फटीत पडलं. १९६६ चा बियाणे कायदा उगवण आणि शुद्धता बघतो, १९६८ चा कीटकनाशक कायदा बाटलीतलं औषध बघतो. औषध लावलेल्या बियाण्याच्या पिशवीवर रसायनाचं नाव आणि 'खाण्यासाठी, चाऱ्यासाठी वा तेलासाठी वापरू नये' असा इशारा छापावा लागतो. म्हणजे माणूस आणि गुरं यांची काळजी घेतली आहे. त्या बियाण्याला पुढे फुलं येतील आणि त्यावर कुणीतरी बसेल, हे नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसावं. मे २०२० मध्ये केंद्राने २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. यादीत थायरम होतं, कार्बेन्डाझिम होतं. इमिडाक्लोप्रिड आणि थायमिथोक्झाम नव्हतं.

रायपूरच्या आसपास मृगाच्या तोंडावर होणारी बीजप्रक्रिया खरं तर पाहण्यासारखी असते. बादलीत मीठ विरघळवत जायचं, लिटरला साधारण १७० ग्रॅम; त्यात अंडं किंवा बटाटा सोडायचा, तो तरंगू लागला की पाणी तयार. मग धान ओतायचं. पोचट वर येतं ते काढून टाकायचं, बसलेलं बी साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं. इथवर कुणाच्या पंखाला धक्का नाही. सोयाबीनच्या बाबतीत मात्र 'एफआयआर'चा पाठ असतो: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम. पोलीस ठाण्यातल्या एफआयआरमध्ये निदान गुन्हा तरी नोंदवलेला असतो. मधल्या अक्षरासाठी शिफारस बहुधा थायमिथोक्झामची असते, कारण खोडमाशी आणि पिवळा मोझॅक ही दुखणी खरी आहेत.

युरोपातली बंदी उचलून इथे चिकटवावी, असं मला वाटत नाही. छत्तीसगडचं मुख्य पीक धान, त्याला परागासाठी माशीची गरज नाही. धानावरच्या माहोसाठी, म्हणजे तपकिरी तुडतुड्यांसाठी, जे फवारलं जातं त्यातलं काही जमिनीत उरतं, आणि त्याच बांधीत उतेरा पद्धतीने, म्हणजे उभ्या धानातच पेरलेलं, लाखोळी आणि जवस फुलतं. भंडारा-गोंदियाच्या वाचकाला हे चित्र वेगळं सांगायला नको. तेव्हा नुसत्या बियाण्यावर बोट ठेवून भागणार नाही. पण जे पीक माशीवाचून दाणाच धरत नाही, तिथे तरी लेप सक्तीचा नसावा. कॅनडातल्या क्वेबेकने मधला मार्ग काढला: कृषितज्ज्ञाने गरज लेखी दाखवल्याशिवाय असं बी पेरता येत नाही. न्यूयॉर्कने २०२३ च्या अखेरीस असं बी रोखणारा कायदा केला, पण अंमल २०२९ वर ढकलला. बियाणे कंपन्यांना उसंत हवी होती.

इथली खरी अडचण अशी की बहुतेक माश्या कुणाच्याच नाहीत. आग्या मोहोळ उंच झाडावरून उठून गेलं तर त्याचा पंचनामा होत नाही. सातेरी माशी ढोलीत राहते, फुलोरी झुडपात. पेटीवाला मधपाळ निदान नुकसान सांगू शकतो. आग्यावर मध काढणाऱ्याला एवढंच कळतं की यंदा पोळी कमी होती, आणि त्याचं कारण तो जंगलात शोधतो, शेतात नाही.

सरगुजा आणि बस्तरच्या माळावर कारळं अजून बरंचसं घरच्या बियाण्यावर होतं, लेपाविना. हे पीक स्वतःच्या परागावर जवळपास दाणा धरत नाही, माशी लागतेच. अंबिकापूरला कृषी महाविद्यालय आहे. रायपूरजवळ बरोंड्याला राष्ट्रीय जैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, जिच्या नव्या संकुलाचं लोकार्पण सप्टेंबर २०२१ मध्ये झालं. कारळ्याच्या फुलोऱ्यात एका शेतात किती माश्या येतात, किती दाणा भरतो, हे लेपवालं बी तिथे पोहोचायच्या आधी लिहून ठेवायला वही, घड्याळ आणि चार विद्यार्थी पुरतात. फ्रान्सच्या मधपाळांकडे असा आधीचा आकडा असता, तर पाच वर्षं कदाचित वाचली असती.